पाठमोरीला हाक

वनजा : खोटं बोलू नकोस, रक्षित. प्रिंट बदललीस तू.

रक्षित : अय्यो अक्का, दुसरी प्रिंट कुठून आणू? ही एकच काढली होती. देवाशपथ.

वनजा : मग मी आले होते तेव्हा नुसती पाठ होती, आज हा गाल कुठून आला? फोटो लावलायस की सूर्यफूल?

रक्षित : तेच दाखवायला बोलावलं तुम्हाला. संध्याकाळी वाचन आहे, त्याच्या आधी. बाकीच्या कवींना सांगितलं नाही मी. हसतील सगळे.

वनजा : मीही हसणारच आहे. जरा दम खाऊ दे, जिना चढून आलेय. तो खालचा बेकरीवाला पायऱ्यांवर ट्रे मांडून ठेवतो, कुवेंपुनगरात दुसरी जागाच मिळाली नाही तुला प्रदर्शनाला. चष्मा कुठाय माझा?

रक्षित : डोक्यावर.

वनजा : हं. बघू. हे आपलं नेहमीचंच आहे, ऊन सरकलं की छाया सरकते. आणि उदबत्ती कोणी लावलीय इथे?

रक्षित : कोणी नाही लावली. वास येतो ना? मलाही सकाळपासून येतोय. पण पेटलेल्या उदबत्तीचा नाही अक्का, नीट बघा. ओल्या मसाल्याचा. त्या बाया काडीला थापतात ना, तो. मी येलवालमध्ये या फोटोतल्या बाईच्या खोलीत फोटो काढायला गेलो होतो, तिथे असाच वास होता.

वनजा : उदबत्त्या करणाऱ्या बायांचे फोटो तुझे, वास येणारच. मनात घेतलंयस तू.

रक्षित : फोटोला वास असतो का? बरं, ते बिडु, सोडा ते. मला तुमचा रूल परत सांगा. मी लग्नाचे फोटो काढणारा माणूस, मला तुमची कविता कळत नाही. या कापडावर कोण लिहितं, कसं लिहितं?

वनजा : किती वेळा सांगू. फोटोखाली हे मांजरपाटाचं कापड. आमच्यातल्या एकेकाने आपापल्या दिवशी एकट्याने यायचं, फोटोसमोर उभं राहायचं आणि एक ओळ लिहायची. दिसतं तेवढंच लिहायचं. उपमा नाही, उपदेश नाही. आणि वरच्या माणसाच्या ओळीला हात लावायचा नाही. शेवटची ओळ आज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून.

रक्षित : दिसतं तेवढंच, अल्वा, हो ना? मग वरून खाली वाचा. मोठ्याने.

वनजा : पहिली तिरुमलरावांची. कानडीत आहे, मी आपल्या मराठीत सांगते. "पाठ आहे. अंबाडा आहे. पुढे खिडकी आहे. बाई कुठे आहे?"

रक्षित : म्हणजे पहिल्या दिवशी पाठच.

वनजा : पाठच की. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हाही पाठच. ही दुसरी ओळ माझी. "किती वर्षं ही पाठ बघायची? वळ गं बाई, तुझं तोंड दिसू दे."

रक्षित : ही दिसतं तेवढंच आहे का?

वनजा : नाही. नियम मोडला मी, लपवत नाही. पण ओळ अशी आली की हात थांबेना. तिरुमलराव काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, वनजाबाई, तुमच्या या एका ओळीने कापडात जीव आला.

रक्षित : हौदु, खरंय. आला.

वनजा : टोमणे मारू नकोस.

रक्षित : टोमणा नाही अक्का. पुढची वाचा.

वनजा : यशस्विनीची. "उजवा कान. कानात लाल खड्याची कुडी."

रक्षित : मी फोटो काढला तेव्हा कानावर पदर होता.

वनजा : मला वाटलं, पोरगी नवी आहे, कल्पना करून मोकळी झाली. मनात म्हटलंसुद्धा, कानामागून आली आणि तिखट झाली. सगळे दिसेल ते लिहितात, हिला म्हणे कुडी दिसते.

रक्षित : तिला दिसली म्हणून लिहिली. पुढे.

वनजा : येसाजीरावांची. "मान वळलेली आहे. मानेवर दोन सुरकुत्या." येसाजीराव... येसाजीराव पोलिसात होते रे. पंचनामा लिहावा तशी कविता लिहितात. त्या माणसाने जन्मात कधी कल्पना केलेली नाही.

रक्षित : म्हणून तर मला भीती वाटली. पुढे.

वनजा : ही कालची. कमलाक्षीची. "गालाचं हाड. त्याच्या खाली उजेड पोचत नाही."

रक्षित : आणि आज?

वनजा : आज पापणी दिसते.

रक्षित : मला वाटलं मलाच दिसते.

वनजा : खुर्ची दे मला. नाही, इथे नको. तिच्यासमोर नको, त्या बाजूला दे.

रक्षित : पाणी?

वनजा : नको. कॅमेऱ्यात काय आहे? मूळ फोटो?

रक्षित : कॅमेऱ्यात पाठच आहे. लॅपटॉपवर पण पाठ. हे बघा ना, हातच्या काकणाला आरसा कशाला. बघा. पदर कानावर, अंबाडा, खिडकी. फक्त ही एक, ज्याच्या खाली कापड आहे, ती तेवढी वळतेय.

वनजा : मग काढून ठेव आत. उतरव भिंतीवरून.

रक्षित : काल ठेवली की. मागच्या सामानाच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. आज सकाळी बाहेर काढली तर सगळ्यात जास्त वळलेली. कोणी बघत नव्हतं तेव्हा, अक्का. कापड इथेच होतं ना, तुमची ओळ इथेच.

वनजा : माझी ओळ माझी ओळ करू नकोस. फोटो तू काढलास.

रक्षित : पाठीचा काढला. तिने एकच अट घातली होती, तोंड नको. बाकीच्या बाया हसल्या, पोरांना मांडीवर घेऊन बसल्या, ही म्हणाली पाठ काढ, हात काढ, तोंड नको. मी तिच्या घरातल्या विठोबाच्या तसबिरीवर हात ठेवून कबूल केलं.

वनजा : आम्हाला का नाही सांगितलंस?

रक्षित : फोटोखाली लिहिलंय की. 'चेहरा न दाखवण्याच्या अटीवर.' मोठ्या अक्षरात.

वनजा : ते वाचलं होतं मी.

रक्षित : वाचलं होतं आणि तरी?

वनजा : मला वाटलं, लाजतेय. आपल्यात बायका अशाच, पुढे बस म्हटलं की मागे सरकतात. कोणीतरी हक्काने सांगावं लागतं. मी तिच्या बाजूनेच लिहिलं रे. तोंड लपवून काम करायची पाळी का यावी एखाद्या बाईवर, असं वाटलं मला. मनापासून वाटलं.

रक्षित : तिला विचारलं?

वनजा : विचारायचं काय त्यात. तिच्यासाठीच तर होतं.

रक्षित : अक्का, अजून एक सांगायचंय. रागवू नका.

वनजा : सांग. आता रागावण्याएवढी ताकद नाही माझ्यात.

रक्षित : काल एक माणूस आला होता. नंजनगूडहून. कोणीतरी मोबाइलवर टाकलेला हा फोटो बघून आला. पांढरा शर्ट, केस तेल लावून बसवलेले, एकदम सज्जन बोलणं. बाकी एकही फोटो बघितला नाही त्याने. इथेच उभा राहिला. मी विचारलं, ओळखता का सर? म्हणाला, कुडी ओळखतो, मीच घेतलेली आहे.

वनजा : नवरा?

रक्षित : तिने मला एवढंच सांगितलं होतं, नवऱ्याला पत्ता लागायला नको. मुलीला घेऊन घरातून निघालेली आहे ती. म्हणून मी गप्प बसलो. तर तो म्हणतो, कुड्या काय, कोणाच्याही असतात. गाल पुरता दिसला की पक्कं सांगेन. ओठाजवळ डाग असणार. मी विचारलं कसला डाग. तर हसला.

वनजा : आणि?

रक्षित : आणि बराच वेळ बघत बसला. मग घड्याळ बघून म्हणाला, आज नाही वळत ती पुरती. बघू. उद्या येतो.

वनजा : असं म्हणाला? वळत नाही म्हणाला?

रक्षित : असंच. जशी बस अजून आली नाही म्हणतात, तसं.

वनजा : म्हणजे आज येणार तो.

रक्षित : आज.

वनजा : मला भीती वाटतेय, रक्षित. बोलून टाकते. एवढं वय झालं, मसणात जाऊन आले, कधी वाटली नाही. फाड तो फोटो.

रक्षित : मी फाडणार नाही. तुम्ही फाडा.

वनजा : मग ती ओळ काप. कात्री आण.

रक्षित : थांबा जरा. ती येऊ दे. सकाळी फोन केला मी तिला. येलवालहून बसने निघाली म्हणाली.

वनजा : तिला इथे बोलावलंस? तो येणार म्हणतोस आणि तिलाही बोलावलंस? अक्कल गहाण टाकलीस का रे?

रक्षित : तिचं तोंड आहे अक्का. तिला न विचारता अजून काय करायचं आपण?

वनजा : ...कोणीतरी आलंय. काचेबाहेर. डोक्यावरून पदर घेतलेली.

रक्षित : तीच. भाग्या. येत का नाही आत?

वनजा : ये गं आत, दार उघडंच आहे.

भाग्या : कोण बोललं आत्ता?

वनजा : मी. वनजा. तुझ्यावर कविता करतोय ना आम्ही, त्यातली. ये की.

भाग्या : परत एकदा बोला.

वनजा : काय बोलू?

भाग्या : काहीही. आवाज ऐकायचाय.

वनजा : अगं, उन्हात किती वेळ उभी राहशील, ये आत, बस.

भाग्या : हाच. रक्षित तम्मा, हाच आवाज आहे.

रक्षित : कुठला आवाज?

भाग्या : मला मागून हाक येते. दुपारची. मी खिडकीकडे तोंड करून काम करते, रम्या शाळेत असते, घरात मांजर पण नसतं. आणि मागून कोणीतरी म्हणतं, वळ गं बाई. पहिल्या दिवशी वाटलं शेजारची कोणीतरी. उठून बघितलं, दाराला कडी. दुसऱ्या दिवशी परत. शिकलेल्या बाईचा आवाज, जरा खर्जातला. रागाने नाही, मायेनेच म्हणते. त्याचीच भीती वाटते जास्त.

वनजा : मी नाही गं हाक मारली. मी फक्त लिहिलं.

भाग्या : माझी मान आखडलीय अक्का. ही बघा. मी वळत नाही, मी धरून ठेवते, दात आवळून. तरी रोज थोडी फिरते. सकाळी उठते तेव्हा कालच्यापेक्षा जास्त फिरलेली. रम्या विचारते, अम्मा, तू तिकडे काय बघतेस. मी म्हणते सुम्ने, उगीच.

वनजा : बस इथे. बस. तो फोटो बघू नकोस.

भाग्या : बघायलाच आलेय. ...हं. कुडी दिसते.

रक्षित : भाग्याक्का, मी शब्द मोडला नाही. हे बघा, कॅमेऱ्यात पाठच आहे.

भाग्या : ठाऊक आहे तम्मा. तुझं नाही हे. हे काय लिहिलंय, वाचून दाखव कोणीतरी. कानडी मला वाचता येतं, सातवीपर्यंत शिकलेय. आपलं मराठी बोलता येतं, अक्षर लागत नाही. ही दुसरी ओळ काय आहे?

रक्षित : अक्का, तुम्हीच वाचा.

वनजा : नको.

भाग्या : वाचू नका. नको. कळलं मला.

वनजा : तुझ्यासाठी होतं गं ते. तुझ्यासारख्या किती जणी घराघरात बसून हातांची सालं काढतात, कोणाला त्यांचं तोंडही ठाऊक नसतं. मला वाटलं, लोकांनी बघावं. तुला बरं वाटेल असं वाटलं.

भाग्या : तुम्ही चांगल्याच आहात अक्का. तुमच्याबद्दल माझं काही नाही. पण भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय माझं. मी तोंड लपवलेलं नव्हतं. मी ते ठेवलेलं होतं. जपून. नरसिंहाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, इथे ओठाजवळ तापलेलं उलथणं लावलं तेव्हा मी गप्प राहिले. रम्यावर हात उचलला त्या दिवशी निघाले. तो शोधतोय आम्हाला. मला मारायला नाही, मी त्याला नकोच आहे. पोर हवी आहे. पोर नेली की मी आपोआप मागून येईन, एवढं त्याला कळतं. तिचं येलवालच्या शाळेत नाव टाकलंय. आता कुठे ती झोपेत दचकायची थांबलीय.

वनजा : फाडूया आपण हा फोटो. आत्ता. रक्षित, दे इकडे.

भाग्या : मी इथे बसलेय अक्का. आणि तुम्ही मला फाडायचं म्हणता?

वनजा : कागद आहे गं तो.

भाग्या : कागद असता तर माझी मान कशाला दुखली असती?

वनजा : मग ओळ कापूया. माझीच आहे, माझ्या हाताने कापते. कात्री आण रे.

भाग्या : कापून काय होणार? तुम्ही रस्त्यात कोणाला हाक मारली आणि मग जीभ चावली, तर ज्याला ऐकू गेली त्याला गेलीच ना. आणि खाली या तिघांनी जे बघितलं ते लिहून ठेवलंय. हिचा कान, हिची मान, हिचा गाल. हाक तुम्ही मारली, त्यांनी वाट मोजली.

रक्षित : अक्का, वेळ होतेय. तो काल याच सुमाराला आला होता.

वनजा : कोण तो ते हिला सांगितलंस?

भाग्या : फोनवर सांगितलं तम्माने. मी थरथरतेय का? हात बघा. नाही ना. बसमध्ये सगळं थरथरून झालं.

वनजा : मग काय करायचं, तूच सांग. मला काही सुचत नाही. आयुष्यभर शब्दांवर घर चालवलं, पोरांना शिकवलं, आज एक शब्द सुचत नाही.

भाग्या : नंजनगूडला आमच्या गल्लीत, मी लहान असताना, सगळ्या दारांवर खडूने लिहिलेलं असायचं. तुमच्याकडे नव्हतं?

रक्षित : नाळे बा. माझी आजी सांगायची.

भाग्या : तेच. रात्री एकजण यायची म्हणे. दारात उभी राहायची आणि घरातल्याच कोणाच्या तरी आवाजात हाक मारायची. आईच्या, बहिणीच्या. ओ दिली, दार उघडलं, की माणूस गेला. तिला हाकलता येत नाही, मारता येत नाही. ती वाईटही नसायची, तिला आपलं कोणीतरी हवं असायचं. म्हणून दारावर लिहायचं, उद्या ये. ती वाचायची, आणि परत जायची. दुसऱ्या रात्री यायची, परत तेच वाचायची.

वनजा : अगं, ती लोकांची समजूत.

भाग्या : हाक तुमची, समजूत माझी. आता दोन्ही एकाच कापडावर येऊ देत. शेवटची ओळ मोकळी आहे ना?

वनजा : ती संध्याकाळी सगळ्यांनी मिळून लिहायचीय. आणि इथे फक्त आमच्या गटातले लिहितात, तसा नियम आहे.

भाग्या : कविता कोणाची आहे?

वनजा : तुझी. म्हणजे तुझ्यावर.

भाग्या : मग पेन द्या.

रक्षित : हे घ्या, भाग्याक्का. जाड आहे, हळू फिरवा, कापडावर पसरतं.

वनजा : थांब, थांब जरा. लिहायचंच आहे तर नुसतं 'नाळे बा' कशाला? वरच्या ओळींना लागून येईल असं काहीतरी करू. 'उद्याच्या उंबऱ्यावर ये, आज माझं...'

भाग्या : भूत वाचणार आहे अक्का, परीक्षक नाही.

रक्षित : लिहू दे त्यांना.

भाग्या : ...आयतु. झालं. अक्षर वाकडं आलं.

वनजा : चांगलं आलंय.

रक्षित : अक्का. बेकरीपाशी बघा. काचेतून.

वनजा : पांढरा शर्ट.

रक्षित : तोच. पायऱ्या चढतोय. भाग्याक्का, आत चला, सामानाच्या खोलीत. आतून कडी लावा.

वनजा : जा गं, जा. आम्ही आहोत. काही झालं तरी बाहेर येऊ नकोस.

(आतून कडी लागल्याचा आवाज.)

रक्षित : नमस्कार सर, या. बघा ना, बघा. हो, तिथेच आहे, हलवला नाही. मी इथे टेबलापाशी आहे, काही लागलं तर सांगा.

वनजा : हळू बोल. काय करतोय तो?

रक्षित : उभा राहिलाय. कालच्याच जागी.

वनजा : मला मान वर करून बघवत नाही. तूच सांग.

रक्षित : फोटो बघतोय. वाकून बघतोय, गालापाशी.

वनजा : कापड बघितलं का?

रक्षित : अजून नाही. आता बघतोय. वरून वाचतोय. ओठ हलताहेत. मराठी ओळीपाशी थांबला.

वनजा : माझ्या?

रक्षित : तुमच्या. हसला. ...खाली आला. खाली. शेवटी.

वनजा : वाचली?

रक्षित : वाचतोय. परत वाचतोय. अक्का, त्याचं तोंड बघा एकदा. राग नाही, काही नाही. देवळात नंबर येईपर्यंत बसलेल्या माणसासारखं झालंय.

वनजा : इकडे येतोय. गप्प.

रक्षित : हो सर? ...हो, हो. उघडं असतं. या ना.

वनजा : काय विचारलं त्याने? मला ऐकूच आलं नाही, कान बंद झाल्यासारखे झाले होते.

रक्षित : उद्या उघडं असेल ना, विचारलं. मी हो म्हटलं. गेला. पायऱ्या उतरला, बघा, बसस्टॉपकडे चाललाय. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

वनजा : उद्या येईल परत.

रक्षित : येईल. वाचेल.

वनजा : मग हे कापड इथून हलवायचं नाही. प्रदर्शन संपलं तरी नाही. भाडं मी बघते, तू त्याची काळजी करू नकोस. आणि संध्याकाळचं वाचन रद्द. लोकांना सांग, वनजाबाईंना बरं नाही. खोटंही नाही ते.

रक्षित : अक्का, फोटो बघा.

वनजा : बघवत नाही म्हटलं ना तुला.

रक्षित : बघा तरी. कुडी नाही. पदर आहे कानावर.

वनजा : ...हो रे. पाठ आहे. नुसती पाठ. देवा विठ्ठला. रडायला येतंय मला, आणि एका पाठीसाठी. लोक काय म्हणतील.

रक्षित : रडा की. कोणी नाही इथे.

वनजा : जाते, तिला सांगते. भाग्या. अगं भाग्या, गेला तो. कडी काढ.

रक्षित : झोपली का काय?

वनजा : फटीतून दिसतेय. खिडकीपाशी बसलीय, खोक्यावर. भाग्या, ऐकलंस ना? फोटो पहिल्यासारखा झाला गं. आता काही भीती नाही. कडी काढ, माझ्या घरी चल, दोन घास खाऊन जा. रम्यालाही घेऊन येऊ शाळेतून, मी येते तुझ्याबरोबर.

रक्षित : अक्का, बसू द्या त्यांना जरा.

वनजा : बोलत का नाही ही? मी आहे गं, वनजा. मघाशी चुकलंच माझं, पण आता तुझ्या बऱ्यासाठीच बोलतेय ना. जरा इकडे बघ तरी. एकदा तुला नीट बघते आणि जाते.

भाग्या : उद्या या, अक्का.